घर मेय्यप्पन यांचं, गाणी भारतींची

‘नाम इरुवर’ची गोष्ट मला कुणी विचारली तर ती मी चार वाक्यांत सांगून मोकळा होतो आणि मग गाण्यांवर तासभर बोलतो. गोष्ट अशी: काळ्या बाजारात पैसा केलेला एक म्हातारा. भाऊ-भाऊ. एक प्रेमप्रकरण, घरात पडलेला दुरावा, आणि शेवटी सगळ्यांचं मनोमीलन. पी. नीलकंठन यांच्या ‘त्याग उळ्ळम्’ या नाटकावरून हा तमिळ चित्रपट निघाला आणि ते नाटकपण त्याच्या अंगावरून कधी गेलं नाही. माणसं समोर बघून बोलतात, वाक्य संपेपर्यंत दुसरा थांबतो, आणि कुणी रागावलं की ते मागच्या रांगेपर्यंत कळावं अशा बेतानं रागावतं. म्हाताऱ्याचं काम व्ही. के. रामस्वामींनी केलंय. पहिलाच चित्रपट, वय एकवीस, आणि भूमिका साठीच्या माणसाची. पुढची अनेक वर्षं तमिळ सिनेमानं त्यांना म्हाताराच ठेवलं.

‘नाम इरुवर’ म्हणजे आपण दोघं. पुढे याच दोन शब्दांना आणखी दोन शब्द जोडून तमिळनाडूत कुटुंबनियोजनाच्या भिंती रंगल्या, हा एक गमतीचा योग. चित्रपटातल्या माणसांना त्याची कल्पना असायचं कारण नाही.

हा चित्रपट लागला जानेवारी १९४७ मध्ये, पोंगलच्या सुमारास. ही वेळ जरा नीट डोळ्यांपुढे आणली पाहिजे, कारण आपण १९४७ म्हटलं की सरळ ऑगस्टवर उडी मारतो. जानेवारीत ऑगस्ट कुणालाच दिसत नव्हता. दिल्लीत नेहरूंचं हंगामी सरकार होतं, पण गोरा व्हाइसरॉय जागेवरच होता. इंग्रज जून १९४८ पर्यंत जातील ही ॲटलींची घोषणासुद्धा फेब्रुवारीतली. आणि अशा वेळी मद्रास इलाख्यातल्या गावोगावच्या तंबूंत आणि टॉकीजमध्ये पडद्यावरची एक लहान मुलगी नाचत होती आणि गाणं वाजत होतं, ‘आडुवोमे, पळ्ळु पाडुवोमे’. चला नाचू या, गाऊ या, आनंदाचं स्वातंत्र्य आपल्याला मिळालंय म्हणून.

मिळालं नव्हतं. आणि ज्यानं हे लिहिलं तो तमिळ कवी सुब्रमण्य भारती १९२१ मध्येच, वयाची चाळिशीही न गाठता, गेला होता. मद्रासमधल्या तिरुवल्लिक्केणीच्या पार्थसारथी मंदिरातल्या ज्या हत्तीला तो नेहमी नारळ भरवायचा, त्यानंच त्याला सोंडेचा तडाखा दिला, त्यातून तो पुरता सावरला नाही. अंत्ययात्रेला मोजकी माणसं होती. त्याआधी दहा वर्षं त्यानं फ्रेंचांच्या पाँडिचेरीत काढली होती, कारण इंग्रजी हद्दीत पाऊल टाकलं की अटक ठरलेली. आपल्या बाजूनं त्याचं नातं सांगायचं तर तो टिळकांचा माणूस. १९०७ च्या सुरत काँग्रेसला तो गेला होता, ती मोडली तेव्हा तो जहाल गटात होता, आणि टिळकांवर त्यानं कविता केल्या. पुण्यात भारतींचं नाव किती घरांत ठाऊक असेल ते असो, भारतींच्या घरात पुणं होतं.

तर असा मेलेला कवी, न आलेलं स्वातंत्र्य, आणि काळाबाजारवाल्याच्या घरची गोष्ट, या तिघांची मोट बांधली ए. व्ही. मेय्यप्पन चेट्टियार यांनी. एव्हीएम म्हणून पुढे ज्यांचा गोल पृथ्वीचा स्टुडिओ मद्रासची खूण झाला, ते.

मेय्यप्पन यांच्याकडे सिनेमावाले म्हणून बघितलं तर ते नीट कळत नाहीत. ते मुळात ग्रामोफोनच्या तबकड्या विकणारे. कारैक्कुडीत वडिलांचं दुकान होतं, त्यात इतर मालाबरोबर तबकड्याही ठेवल्या जायच्या. पोरगा मद्रासला आला, सरस्वती स्टोअर्स काढलं आणि तबकड्या विकता विकता त्या काढायलाही लागला. कुठलं गाणं दुकानात पडून राहतं आणि कुठल्या गाण्यासाठी गिऱ्हाईक परत येतं, हे त्याला काउंटरवर उभं राहून कळलं होतं. सिनेमात तो त्या वाटेनं आला. पहिले दोन चित्रपट आपटले. तिसऱ्यानं हात दिला, आणि त्या तिसऱ्यात आपला एक माणूस आहे.

केशवराव धायबर. प्रभातच्या मूळ भागीदारांपैकी एक. प्रभातमधून बाहेर पडल्यावर त्यांनी ‘नंदकुमार’ हा कृष्णकथेवरचा मराठी चित्रपट केला, आणि मेय्यप्पन यांच्यासाठी तमिळ ‘नंदकुमार’ही त्यांनीच दिग्दर्शित केला, १९३८ साली. बाळकृष्ण म्हणून त्यांनी उभा केला टी. आर. महालिंगम नावाचा मदुरैकडचा पोरगा. नऊ वर्षांनी ‘नाम इरुवर’चा नायक झाला तो हाच. याच ‘नंदकुमार’मध्ये एका नटीचा आवाज पसंत पडेना म्हणून गाणं ललिता वेंकटरामन यांच्याकडून गाऊन घेतलं गेलं, आणि तमिळ सिनेमातलं पार्श्वगायन तिथून मोजतात. तबकडीवाल्याच्या डोक्यात हे लख्ख बसलं: तोंड एकाचं, गळा दुसऱ्याचा, बिघडलं काही नाही. १९४५ च्या ‘श्री वल्ली’त तर चित्रपट पुरा झाल्यावर त्यांनी नायिकेची गाणी पी. ए. पेरियनायकी यांच्या आवाजात नव्यानं भरून घेतली. इतका खर्च गळ्यापायी करणारा माणूस!

युद्धामुळे मद्रासेत नवा स्टुडिओ उभारणं जिकिरीचं होतं. म्हणून मेय्यप्पन परत आपल्या मुलखात गेले आणि कारैक्कुडीजवळ देवकोट्टै रस्त्याला, एका जुन्या नाटकगृहाच्या आवारात, झापांच्या छपराखाली त्यांनी स्टुडिओ मांडला. ‘नाम इरुवर’ तिथला. चेट्टीनाडचा हा मुलूख म्हणजे रखरखीत, लाल माती, आणि मधेच ब्रह्मदेश-मलायाच्या पैशांतून उभे राहिलेले सागवानी खांबांचे वाडे. आवाज बाहेर ठेवायला भिंतच नाही अशा शेडमध्ये गाण्याचा सिनेमा कसा केला असेल, हे मला प्रत्येक वेळी नवल वाटतं. कावळे, बैलगाड्या, पाऊस, सगळ्यांनी सहकार्य केलेलं दिसतंय. दिग्दर्शक म्हणूनही नाव मेय्यप्पन यांचंच आहे. संगीत आर. सुदर्शनम यांचं.

गाण्यांकडे मी आलो तो चित्रपटावरून नाही. आमचं लहानपण माटुंग्याचं. किंग्ज सर्कलच्या त्या बाजूला सकाळी फिल्टर कॉफीचा वास आणि संध्याकाळी मोगरा-अबोलीचे गजरे हे आम्हा मराठी पोरांनाही आपलेच वाटायचे. वरच्या मजल्यावर एक मामी गाणं शिकवायच्या. तमिळ घरांत शेजारची कुठलीही वडीलधारी बाई मामीच, त्यामुळे सगळा मजला त्यांचा भाचा. पंधरा ऑगस्टला झेंडावंदन झालं की इमारतीच्या गच्चीवर मामींना गायचा आग्रह व्हायचा आणि त्या बसायच्या, डावा हात मांडीवर ताल धरायला, डोळे मिटलेले, आणि ‘आडुवोमे’ सुरू. आम्हाला शब्द कळत नव्हते. पण ‘सुदंदिरम्’ कळायचं आणि तिथे आवाज वर न चढता आणखी खाली, भरीव व्हायचा हेही कळायचं. देशभक्तीचं गाणं म्हणजे ओरडायचं अशी आमची शाळेतली समजूत. मामी ओरडत नसत. मी एकदा विचारलं, मामी, हे कुठल्या पिक्चरचं? तर म्हणाल्या, “पिक्चरची गोष्ट काय करायची तुला? गाणं ऐक ना, कण्णा.”

त्यांच्या गाण्यात हे खालचं भरीवपण आलं होतं ते डी. के. पट्टम्माळ यांच्याकडून. चित्रपटातलं ‘आडुवोमे’ पट्टम्माळ यांनी गायलंय. ब्राह्मण घरातली मुलगी मंचावर बसून चारचौघांत मैफल करते हेच ज्या काळात अनेकांना खपत नव्हतं, त्या काळात त्या बसल्या. रागम्-तानम्-पल्लवी, म्हणजे कर्नाटक मैफलीतला सवडीनं विस्तारायचा भाग, हा पुरुषांचा इलाखा समजला जायचा, त्यात त्या शिरल्या आणि तिथल्या होऊन राहिल्या. सिनेमासाठी त्या गायल्या, पण प्रेमगीतं नाही म्हणजे नाही. भक्तीचं चालेल, देशाचं चालेल. १९३९ मध्ये ‘त्यागभूमी’ या चित्रपटासाठी त्यांनी देशसेवेला हाक घालणारं गाणं गायलं होतं. तोही मूळचा नवरा-बायकोचा, मोडक्या संसाराचा चित्रपट, आणि तो जोरात चालू असताना इंग्रज सरकारनं त्याच्यावर बंदी घातली. म्हणजे घरगुती गोष्टीत राष्ट्र लपवून न्यायची तमिळ सिनेमाची खोड जुनीच. आपल्याकडे खाडिलकरांनी महाभारतात कर्झन लपवला, तिकडे त्यांनी घरसंसारात काँग्रेस लपवली. १९४७ च्या जानेवारीत मात्र लपवायचं काही उरलं नव्हतं. मद्रासेत काँग्रेसचंच मंत्रिमंडळ होतं. ‘नाम इरुवर’ भारतींच्या स्मरणाच्या सोहळ्यानं सुरू होतो आणि गांधीजींच्या वाढदिवसाच्या सोहळ्यानं संपतो.

पट्टम्माळ यांचं ते गाणं आज मोबाइलवर ऐकलं तरी पहिल्यांदा खरखर ऐकू येते. मग आवाज येतो, आणि तो अजिबात लाडात येत नाही. कीर्तनं गाताना ज्या शिस्तीनं त्या शब्द सोडतात त्याच शिस्तीनं इथेही. ‘आनंद’ शब्दावर त्या हसत नाहीत, तो जागेवर ठेवतात. सिनेमाच्या गाण्यात भाव ओतायची जी सवय पुढे आपल्याला लागली, ती इथे नाही, आणि म्हणूनच ‘मिळालंय’ हे खरं वाटतं. जे मिळालेलं नाही त्याबद्दल हरखून बोललात तर थाप वाटते. शांतपणे बोललात तर बातमी वाटते. पंधरा ऑगस्टच्या सुमारास आकाशवाणीवरही पट्टम्माळ हेच गायल्या असं सांगतात. सात महिन्यांत थापेची बातमी झाली.

पण पडद्यावर गाणारी बाई दिसत नाही. दिसते ती बारा वर्षांची कमला. बेबी कमला, पुढे कुमारी कमला. मायावरमची ही मुलगी लहानपणी मुंबईत होती, कथ्थक शिकली, हिंदी सिनेमांत झळकली, आणि मग दक्षिणेत जाऊन वळुवूर रामय्या पिळ्ळै यांच्या हाताखाली भरतनाट्यम शिकली. (मराठी वाचकांना तिची आणखी एक ओळख: आर. के. लक्ष्मण यांची ती पहिली पत्नी.) पट्टम्माळ यांचा प्रौढ, वजनदार आवाज आणि त्यावर ते बारा वर्षांचं हलकं अंग. हे खटकायला हवं होतं. खटकत नाही. ‘श्री वल्ली’तून मेय्यप्पन जे शिकले होते ते त्यांनी इथे टोकाला नेलं: आवाज आईचा, नाच लेकीचा.

आणि नाचाचंही वर्ष बघा. देवदासी प्रथा बंद करणारा कायदा मद्रासच्या विधिमंडळात आला तो याच १९४७ च्या उत्तरार्धात. ज्या घराण्यांनी हा नाच शतकानुशतकं सांभाळला त्यांच्या हातून तो सुटत होता आणि मद्रासेतल्या मैलापूरच्या सुशिक्षित घरांत शिरत होता. कमलाला पडद्यावर पाहून किती आयांनी आपल्या मुलींना नाचाच्या क्लासला घातलं असेल! तिच्या पावलांत जो गुरू होता तो जुन्या परंपरेतला, आणि तिच्याकडे बघून टाळ्या वाजवणारे ते त्या परंपरेला कालपर्यंत नाकं मुरडणारे. ‘आता सगळे समान’ असं गाणं म्हणतं तेव्हा हे थोडं आठवलेलं बरं.

कारण भारतींची मूळ कविता गच्चीवर वाटायची तितकी गोड नाहीच. पळ्ळु हा शेतमजुरांच्या, पळ्ळर समाजाच्या गाण्यांवरून आलेला काव्यप्रकार. स्वतः ब्राह्मण असलेला हा कवी त्या ढंगात म्हणतो, ब्राह्मणाला ‘अय्यर’ म्हणून हात जोडायचे दिवस गेले आणि गोऱ्याला ‘दुरै’, म्हणजे साहेब, म्हणायचे दिवसही गेले. दोघांना एकाच कडव्यात, एकाच दारानं बाहेर. पुढे म्हणतो, शेतीला आणि कारागिरीला वंदन करू, आयतं बसून खाणाऱ्याला शिव्या घालू. तणाला पाणी घालून मरणार नाही. फुकट्यांसाठी राबून अंग झिजवणार नाही. आता ही कविता त्या चित्रपटात ठेवा, जिथे युद्धातल्या टंचाईवर पैसा करणारा माणूस घरातला कर्ता आहे. मामी म्हणायच्या गोष्ट सोड, पण गोष्ट सोडवत नाही ती इथे. एरवी कथा म्हणजे गाणी वाळत घालायची दोरी आहे, पण या एका जागी दोरीला ताण बसतो. आयतं खाणारा माणूस इंग्रजांच्या राज्यात नाही, तर आपल्याच माजघरात बसलाय, हे १९४७ च्या प्रेक्षकाला वेगळं सांगावं लागलं नसेल. रेशनच्या रांगेत उभं राहून तो थिएटरात आला होता.

दुसरं गाणं ‘मुरसु’ या कवितेतलं. मुरसु म्हणजे नगारा. जयाचा नाद आठी दिशांना पोचू दे, वाजव रे नगाऱ्या, अशी सुरुवात. ही माझी लाडकी कविता आहे आणि त्याचं कारण नगारा नसून मांजर आहे. इतक्या दणदणीत सुरुवातीनंतर भारती मधेच सांगतात, आमच्या घरी एक पांढरी मांजर आहे, तिला पिल्लं झालीत, प्रत्येकाचा रंग वेगळा. एक राखाडी, एक काळं, एक सापाच्या रंगाचं, एक दुधासारखं. रंग कुठलाही असो, सगळी एकाच मोलाची ना? मग माणसाच्या रंगावरून भेद कशाला? क्रांतीचा नगारा वाजवता वाजवता हा माणूस मांजरीच्या टोपलीत डोकावतो. ओसरीवर बसून लिहिल्यासारखं आहे ते. कौटुंबिक चित्रपटात भारती इतके सहज का मिसळले याचं एक कारण मला इथे सापडतं. त्यांचं राष्ट्र व्यासपीठावर फार वेळ उभं राहत नाही, घरात येऊन बसतं.

गांधीजींवरचं गाणं भारतींचं नाही. ते के. पी. कामाक्षी सुंदरम यांचं, कमलाच्याच तोंडी, आणि आवाज एम. एस. राजेश्वरी नावाच्या कोवळ्या मुलीचा. एव्हीएमच्या पगारावरची ही गायिका. पुढची कितीतरी वर्षं तमिळ सिनेमातल्या लहान मुलांचा आवाज म्हणजे राजेश्वरी असं समीकरणच झालं. १९६० मध्ये छोट्या कमल हासनच्या पहिल्या चित्रपटात ओठ त्याचे आणि आवाज तिचा. गाणं म्हणून ‘गांधी महान’ मला साधारण वाटतं, समारंभाचं वाटतं. पण ते बघताना एक गोष्ट मनातून जात नाही. पडद्यावर गांधीजींचा वाढदिवस साजरा होत होता तेव्हा, नेमका त्याच जानेवारीत, तो म्हातारा नोआखालीत जळलेल्या घरांमधून गावोगाव अनवाणी चालत होता. पुढच्या जानेवारीअखेरीस तो नव्हता.

महालिंगमकडे येतो. तमिळ रंगभूमीवर बॉईज कंपन्या होत्या, मुलग्यांना लहानपणी भरती करून गाणं, नक्कल, स्त्रीभूमिका सगळं शिकवणाऱ्या. आपल्या संगीत नाटकाच्या माणसाला त्यात नवं काही वाटणार नाही. महालिंगम त्या शाळेतला. त्याचा आदर्श गायक-नट एस. जी. किट्टप्पा, ज्यांच्या वरच्या पट्टीच्या आख्यायिका आजही सांगतात. मायक्रोफोन नसलेल्या मंडपात शेवटच्या माणसापर्यंत पोचायचं तर वर जावंच लागतं. महालिंगम मायक्रोफोन आल्यावरही वरच गायला. अभिनेता म्हणून तो लाकडी आहे. हात कुठे ठेवावेत हे त्याला शेवटपर्यंत सापडत नाही. पण भारतींची कण्णम्माची कविता तो घेतो, बागेतल्या फुलांचा उजेड म्हणजे तुझं हसू की काय, असं विचारतो, आणि गळा मोकळा सोडतो, तेव्हा हातांकडे बघतंय कोण. त्याच कवितेत भारती म्हणतात, निळ्याकाळ्या रेशमी साडीत जडवलेले हिरे म्हणजे मध्यरात्रीचे तारे आहेत. नायिकेचं नावही कण्णम्मा ठेवलंय, म्हणजे गाण्यासाठी नाव, नावासाठी बाई. तबकडीवाल्याचा हिशेब असाच असणार.

हिशेब म्हणताना माझ्या आवाजात जो किंचित टोमणा येतो, त्याला कारण आहे.

भारतींच्या कविता कुणाच्या, हा प्रश्न त्यांच्या मरणानंतर पंचवीस-तीस वर्षं भिजत पडला होता. जिवंतपणी त्यांना कविता छापायला पैसे जमत नव्हते. १९२८ मध्ये सरकारनं त्यांची पुस्तकं जप्त केली. कुटुंबाकडे पैसा नव्हता, आणि हक्क सावत्र भावाकडे गेले. त्यातून गाण्याचे, म्हणजे तबकडीवर आणि रेडिओवर वाजवण्याचे हक्क मद्रासमधल्या एका गुजराती जवाहिऱ्यानं घेऊन ठेवले होते. जवाहिऱ्याच्या तिजोरीतून ते मेय्यप्पन यांनी विकत घेतले. देशासाठी तुरुंग चुकवत फिरलेल्या कवीची गाणी, आणि ती कुणी कुठे म्हणायची ते एका व्यापाऱ्याच्या सहीवर. ‘नाम इरुवर’ तुफान चालला. मेय्यप्पन यांनी झापांची शेड सोडली आणि १९४८ मध्ये ते मद्रासला कोडंबक्कमला आले.

मग टी. के. एस. बंधूंच्या ‘बिल्हणन’ या चित्रपटात भारतींचं एक गाणं घेतलं गेलं आणि मेय्यप्पन यांच्याकडून त्यांना नोटीस गेली. त्या बंधूंतला टी. के. षण्मुगम हा नाटकवाला माणूस. भारतींची गाणी ते रंगमंचावर आधीपासून म्हणत होते. त्यांना विचारलं गेलं, परवानगी कुठाय? इथे मद्रासमध्ये भडका उडाला. भारती लोकांचे आहेत, ते सरकारनं घ्यावेत आणि लोकांना द्यावेत, अशी चळवळच उभी राहिली. लेखक, नट, पुढारी सगळे त्यात. तोपर्यंत एट्टयपुरमला, भारतींच्या जन्मगावी, लोकवर्गणीतून स्मारक-मंडपही झाला होता, ऑक्टोबर १९४७ मध्ये राजाजींच्या हस्ते. दगडाचा भारती सगळ्यांचा झाला होता, गाण्यातला एकाचा होता.

खलनायक कोण ते इथे फार सोपं होऊन बसतं, आणि तसं बसू देऊ नये असं मला वाटतं. मेय्यप्पन यांनी नोटीस पाठवली हे खरं. पण त्यांच्या चित्रपटाआधी भारती कुणाच्या ओठांवर होते? शिकलेल्यांच्या, सभेतल्यांच्या, पट्टम्माळ यांच्या तबकड्या घेऊ शकणाऱ्यांच्या. तंजावरच्या भातशेतात राबणाऱ्या, अक्षरओळख नसलेल्या ज्या माणसाचा पळ्ळु भारतींनी उचलला होता, त्याच्यापर्यंत तो परत नेला तंबू टॉकीजनं, दोन-चार आण्यांच्या तिकिटावर, जमिनीवर मांडी घालून. हे काम पुस्तकानं झालं नसतं, आणि चळवळीनंही इतक्या झटपट झालं नसतं. ज्यानं गाण्याला कुलूप लावलं त्यानंच ते घरोघर पोचवलं, आणि दोन्ही एकाच हेतूनं केलं, माल खपावा म्हणून. मला या माणसाचा राग येत नाही. थोडा हेवाच वाटतो. खपेल काय आणि टिकेल काय, दोन्ही त्याला एकदम कळलं.

सरकारनं शेवटी विचारलं तेव्हा मेय्यप्पन यांनी आपले हक्क एक पैसाही न घेता देऊन टाकले. ओमंदूर रामस्वामी रेड्डियार तेव्हा मुख्यमंत्री होते, आणि १९४९ मध्ये मद्रास सरकारनं भारतींच्या साहित्याचे हक्क आपल्याकडे घेतले. कवीच्या कुटुंबाला रक्कम मिळाली. आणखी काही वर्षांनी, पन्नाशीच्या दशकाच्या मध्यात, सरकारनं ते सगळ्यांसाठी खुले केले. कवीचं सारं लिखाण सरकारनं विकत घ्यावं आणि जनतेला देऊन टाकावं, हे त्याआधी आपल्याकडे झालेलं नव्हतं. आपल्याकडे ज्यांच्या कविता-गाण्यांवरून वारसदार आणि कंपन्या भांडतात, त्या कवींची नावं मनातल्या मनात घ्या आणि पुढे चला.

खुलं झाल्यावर जे व्हायचं ते झालं. भारती तमिळ सिनेमात कुणाच्याही चालीवर, कुणाच्याही तोंडी येऊ लागले, चांगले आले, वाईटही आले. कण्णम्माचीच कविता घ्या. २००० साली ए. आर. रहमाननं तिला नवी चाल दिली आणि गायला हरिहरन, आमच्या मुंबईत वाढलेला. त्यानं ती गझलेच्या अंगानं, पाय पसरून, निवांत गायली आहे. रेशमी साडीतले हिरे तो एकेक करून उचलतो. यासाठी रहमानला ना जवाहिऱ्याकडे जावं लागलं, ना एव्हीएमच्या फाटकाशी. हरिहरनची तालीम, त्याचा श्वास, सगळं महालिंगमपेक्षा उजवं आहे, आणि तरी मला निवडायला सांगितलं तर मी महालिंगम घेईन. वरच्या सुराकडे निघाला की तो आधी अंदाज घेत नाही, सरळ जातो. खरखरीत सुद्धा ते ऐकू येतं.